इरिडियम स्पार्क प्लग : सावदा-भुसावळ रस्त्यावर एक वर्ष

सावदा ते भुसावळ अशी रोजची ये-जा करणाऱ्या माझ्या कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारसायकलीला गेल्या वर्षी इरिडियम प्लग बसवला. निकेलच्या साध्या प्लगच्या चौपट पैसे घेताना दुकानदाराने अ‍ॅव्हरेज आणि पिकअप, दोन्ही वाढतील असे सांगितले होते. दोन्ही वाढले नाहीत, तरीही प्लगबद्दल माझी तक्रार नाही.

बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये हजारोंनी वाढतात आणि पिस्टन वर पोहोचण्याच्या किंचित आधी, प्लगच्या दोन टोकांमधल्या पाऊण मिलिमीटरच्या फटीत ठिणगी पडते. निकेलचे टोक ठिणगीगणिक झिजते, फट रुंदावते, मग ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते आणि गाडी मिस मारू लागते. निकेल 1,455 अंश सेल्सियसला वितळते, तर इरिडियम 2,400 च्याही वर; म्हणून त्याचे टोक सुईसारखे बारीक ठेवता येते आणि अशा टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. डिसेंबरातल्या पहाटे केळीच्या बागेकडे निघताना पूर्वी चार-पाच किका माराव्या लागत. आता दुसऱ्या किकेला गाडी सुरू होते.

अ‍ॅव्हरेज का वाढले नाही, हे तीन महिन्यांनी प्लग काढल्यावर कळले. टोकावर कोरडी काजळी होती, बोट लावताच काळे झाले. एअर फिल्टर धुळीने गच्च भरलेला आणि कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडणारा. त्यात प्लगचा काय दोष? दोन्ही कामे करून घेतल्यावर टोकाजवळची चिनी माती बिस्किटाच्या रंगाची दिसू लागली, म्हणजे इंजिन नीट जळते आहे. मात्र एका गॅरेजात पोराने तारेचा ब्रश हाती घेतला तेव्हा मी त्याला थांबवले, कारण हे बारीक टोक ब्रशाने किंवा गॅप मोजायची पट्टी जोरात खुपसल्याने तुटते.

भुसावळचा उन्हाळा 45 अंशांचा, म्हणून ‘थंड’ प्लग, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा प्लग घ्या, असाही सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही. इंजिनाच्या आतल्या उष्णतेपुढे बाहेरच्या दहा-पंधरा अंशांचे काय? उलट टोक साधारण 450 ते 500 अंशांपर्यंत तापले तरच काजळी आपोआप जळते, म्हणून कंपनीने दिलेलीच हीट रेंज, म्हणजे प्लगचा थंड-गरमपणा, ठेवली.

फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपाला मात्र मी निकेलचाच प्लग लावतो. पेट्रोलमधल्या ऑइलने तो महिन्या-दोन महिन्यांत माखतोच.