मुदत संपलेला शिकाऊ परवाना: एजंटविना काढलेल्या नव्या परवान्याचा अनुभव

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, आणि माझी ती मुदत पावसाळ्यातच उलटून गेली, कारण ओल्या रस्त्यावर रंकाळ्याच्या बाजूने गाडी शिकण्याचे धाडस मला झाले नाही व पक्क्या लायसन्सची चाचणी मी पुढे ढकलत राहिले. ओळखीच्या एका एजंटाने दोन हजार रुपयांत ‘डुप्लिकेट काढून देतो’ असे सांगितले. दुय्यम प्रत हरवलेल्या किंवा फाटलेल्या परवान्याची निघते, तिने संपलेली मुदत वाढत नाही; ही गोष्ट त्याने मला सांगायला हवी होती.

शेवटी परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर मी स्वतःच नव्याने अर्ज केला, आणि ही सेवा मला मनापासून आवडली. आधार क्रमांकावरून अर्ज केल्यास नाव, पत्ता व छायाचित्र आपोआप भरले जाते. मात्र आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. माझे वय चाळिशीच्या पुढे असल्याने डॉक्टरांचे फॉर्म १-ए मधील प्रमाणपत्र लागले. शुल्क वाहनाच्या प्रत्येक प्रकारासाठी १५० रुपये आणि चाचणीचे ५० रुपये.

चाचणी पुन्हा द्यावी लागली, याचे मला वाईट वाटले नाही. आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते, मग कॅमेऱ्यासमोर १५ प्रश्न सोडवायचे आणि त्यांतील किमान ९ बरोबर यायला हवेत. घरी बसून परीक्षा देताना शेजारून कुणी उत्तरे सांगू लागले, तर ती कृपया घेऊ नयेत. ‘थांबा’ आणि ‘रस्ता द्या’ या खुणांतला फरक चौकात आपल्यालाच ओळखायचा असतो, आणि तिथे चुकल्यास इजा दुसऱ्याला होते. मी दोन दिवस चिन्हांचा अभ्यास केला आणि पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले.

परवान्याची प्रत घरीच छापून घेतली. जुना परवाना संपल्यापासून ही प्रत हाती येईपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. आता गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ आहे आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला भाऊ बसतो. प्रत्यक्ष वाहन चालवण्याच्या चाचणीसाठी मात्र आरटीओकडे जावेच लागते, आणि तीही नवा परवाना मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्यावरच देता येते. या वेळी ती तारीख मी आधीच वहीत लिहून ठेवली आहे.