लीडरशिपचा कोर्स: बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यात काही महिने वापरून पाहिल्यावर

अर्धी फी कंपनीनं भरली, अर्धी माझ्या खिशातून गेली, त्यामुळे हिशेब कडकच मांडतोय. कोर्सचं स्वरूप नेहमीचंच: हॉटेलचा हॉल, केस स्टडी, रोल प्ले, ३६० डिग्री फीडबॅक (साहेब, सहकारी, हाताखालचे, सगळ्यांकडून आपल्याबद्दल मत घेणं). शिकवणारे चांगले होते.

माझा राग आहे तो शेवटच्या दिवशीच्या फॉर्मवर. हॉल कसा, जेवण कसं, शिकवणं कसं, पाचपैकी गुण द्या. जेवायची घाई, सगळ्यांनी भरभरून गुण दिले आणि कोर्स यशस्वी ठरला! याच वर्गात प्रशिक्षणाचा उपयोग मोजायच्या, कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या शिकवल्या होत्या: आवडलं का, समजलं का, कामावरचं वागणं बदललं का, धंद्यात फरक पडला का. स्वतःचा कोर्स मात्र पहिल्याच पायरीवर मोजला. नंतर साधा फोनही नाही. ७०-२०-१० ची स्लाइड दाखवता, माणूस सत्तर टक्के कामातून, वीस टक्के इतरांकडून आणि दहाच टक्के वर्गात शिकतो म्हणता, मग त्या सत्तर टक्क्यांच्या वेळी तुम्ही कुठे असता? (ते आकडेही अधिकाऱ्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं त्यावरून आलेले आहेत.)

पैसे पाण्यात गेले, असंच मी सगळ्यांना सांगत होतो. पावसाळ्यात मत बदललं. रात्रपाळीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, बंद पडलं. एरवी सकाळची सुरुवात ‘कोणी केलं?’नं व्हायची. या वेळी कोर्समध्ये शिकवलेले, अमेरिकी लष्करातून आलेल्या आफ्टर ॲक्शन रिव्ह्यूचे (काम झाल्यावरच्या उजळणीचे) चार प्रश्न मशीनपाशीच विचारले: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. साहेबानं शेवटी बोलायचं, ही माझी अट. बराच वेळ कोणी बोलेना. मग कूलंटची (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी साफ करणारा हेल्पर म्हणाला, “साहेब, फिल्टरमध्ये दोन दिवस धातूच्या चिप्स अडकत होत्या. पण सांगायचं कोणाला?” आता पाळी बदलताना हे प्रश्न रोज होतात, आणि फिल्टरची नोंद रजिस्टरमध्ये तोच करतो.

बडोद्यात तरी हे नवं वाटू नये. नाशिककडच्या कवळाणे गावाहून दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांना दिवाण सर टी. माधवरावांनी १८८१ मध्ये राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, त्याच वर्षाच्या शेवटी कारभार हाती आला. पण सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेलीत केला. सबंध राज्याला तो लागू झाला १९०६ मध्ये. खरं शिकणं त्या मधल्या वर्षांतलं.

कोर्स घ्या, पण तीन महिन्यांनी शिकवणाऱ्यानं शॉपफ्लोअरवर येऊन आपल्या माणसांशी बोलायचं, हे करारात लिहून घ्या. शेवटचा हप्ता त्या भेटीनंतरच. पुढच्या बॅचसाठी आमच्या एचआरला मी हेच लिहून दिलंय.