नागपुरातला रोजगार मोजायचा कसा : पीएलएफएस की पीएफ?

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातला पुतण्या एमएच्या प्रकल्पासाठी नागपुरातला रोजगार वर्षागणिक वाढला की घटला ते पाहतो आहे. "काकाजी, पीएलएफएस घेऊ की पीएफचे आकडे?" म्हणाला. पीएलएफएस म्हणजे सरकारचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, पीएफचे आकडे म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांवरून काढलेले. 'इतके लाख रोजगार' असे मथळे मी त्याला आधी बाजूला ठेवायला लावले.

पहिला प्रश्न, मोजलं कोणाला? आमचा शेजारी दिवाळीनंतर कापूस वेचतो, उन्हाळ्यात नागपुरात सेंट्रिंगच्या कामावर जातो. हाताला सळ्यांचा गंज लागलेला, पण पीएफ खातं नाही. पीएफ कायदा मुख्यतः 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू, म्हणून तिथे हा माणूस दिसतच नाही. 2017 पासूनच्या पीएलएफएसमध्ये घरी जाऊन विचारतात, त्यामुळे पानठेलेवाला, घरकाम करणारी बाईही मोजली जाते. मात्र आठवडी व्याख्येत सात दिवसांत एक तास काम केलेलाही रोजगारात धरतात. म्हणून वर्षाचं चित्र हवं तर नेहमीच्या स्थितीचा, म्हणजे मागच्या वर्षभरातलं काम धरणारा आकडाच घ्यावा.

अचूकतेत पीएलएफएस नमुन्यावर चालतं, एका शहरापुरता नमुना तोकडा पडतो. शिवाय जानेवारी 2025 पासून त्याची रचना बदलली, तेव्हा जुन्या-नव्या वर्षांची थेट तुलना नको. पीएफचे आकडे दरमहा येतात, पण नंतर सुधारतात. जुनी नोकरी पीएफखाली आली तरी भर दिसते, हा मोठा धोका.

कारखाने, कंपन्यांतली पक्की नोकरी पाहायची असेल तर पीएफ. मजुरांसकट पूर्ण शहर हवं असेल तर पीएलएफएस, तेही दोन-तीन वर्षं एकत्र करून. पुतण्याला मी पीएलएफएसच घ्यायला सांगितलं.