झेड ड्राइव्हवरची लाल फुली: टिक ठेवू का बॅच फाइल लावू?

सांगलीच्या मार्केट यार्डात एक हळदीचं अडत दुकान, हिशेबाचा डेटा मेन पीसीवर, तो नेटवर्कवरून दिवाणजींच्या पीसीला झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, म्हणजे मॅप केलेला, आणि रोज सकाळी त्या झेडवर लाल फुली, म्हणजे जोडणी तुटलेली. त्यांच्या पोरानं विचारलं, दादा मॅप करताना 'रिकनेक्ट ॲट साइन-इन'ची (लॉगिनला आपोआप परत जोडायची) टिक ठेवू का बॅच फाइल (ओळीनं कमांड चालवणारी छोटी फाइल) लावू?

खर्च दोन्हीला शून्य, तो विषयच नाही.

टिक म्हणजे मिनिटाचं काम. पण विंडोज लॉगिन होताच ड्राइव्ह जोडायला बघतं, वायफाय तवर उठलेलंच नसतं, मग फुली. बऱ्याचदा डबल क्लिक केलं की उघडतो, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कुठलं डबल क्लिक, ते आपलं पाथ सापडेना म्हणून बसतं.

बॅच फाइलीत आधी ३० सेकंद टाइमआउट, मग 'नेट यूज' या कमांडनं जुना झेड डिलीट करून परत जोडायचा, फाइल स्टार्टअप फोल्डरात टाकायची, म्हणजे लॉगिनला आपोआप चालते. डिलीटची ओळ विसरलात तर एरर ८५, म्हणजे ते अक्षर आधीच वापरात, माझा अर्धा तास यातच गेलाय. आणि पासवर्ड फाइलीत लिहू नका राव, कोणीपण नोटपॅडात वाचतंय, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपायच्या जागी, ठेवा.

एरर ५३, म्हणजे नेटवर्कवरचा पाथच सापडत नाही, आली तर मात्र दोन्ही उपाय बाजूला, आधी मेन पीसी चालू आहे का बघा.

केबल असेल, नुसत्या फाइली उघडायच्या असतील तर टिक बास. वायफाय आणि सकाळी सकाळी सॉफ्टवेअर झेड मागत असेल तर बॅच. दिवाणजींना बॅच लावून दिली.