कागद कुठाय?

आधी आकडा सांगून टाकतो. ११ लाख ४० हजार रुपये. फेब्रुवारी ते एप्रिल २०२५, नऊ आठवड्यांत गेले. आणि मी कुणी भोळाभाबडा नव्हे, बँकेतला माणूस. १९८९ ला क्लार्क म्हणून लागलो, २०२० ला व्हीआरएस घेतली. मधली एकतीस वर्षं लोकांचे पैसे मोजण्यात आणि सह्या ताडून बघण्यात गेली.

त्यात भर म्हणजे घोटाळ्यांवरच्या चित्रपटांचा मला नाद. ‘स्कॅम १९९२’ ही मालिका २०२० मध्ये आली तेव्हा मी नुकताच रिकामा झालो होतो. दोन रात्रींत संपवली आणि मग सोसायटीतल्या पोरांना गोळा करून ‘बीआर म्हणजे काय’ यावर तासभर बोललो. बोलायचा अधिकारही होता, कारण १९९२ साली मी फोर्टच्या शाखेत हिशेब जुळवणीच्या टेबलावर होतो. एका बँकेनं दुसरीला सरकारी रोखे विकले की प्रत्यक्ष रोखे हातात देईपर्यंत एक पावती द्यायची पद्धत होती. तिचं नाव बँक रिसीट, आमच्या बोलण्यात बीआर. रोखे आमच्याकडे आहेत, तुमच्यासाठी ठेवलेत, एवढाच तिचा अर्थ. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन लहान बँकांनी मागे रोखेच नसताना अशा पावत्या फाडल्या. त्या पावत्यांवर शेअर दलाल हर्षद मेहतानं मोठ्या बँकांकडून पैसा उचलला आणि शेअर बाजारात ओतला. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली आणि सगळं उघडं पडलं. पुढचे कित्येक महिने आमच्या टेबलावर एकच प्रश्न असायचा. आमचे साहेब प्रत्येक नोंदीवर पेन्सिल टेकवून विचारायचे, “कागद कुठाय?”

हे सगळं ज्याला पाठ होतं, त्याची ही गोष्ट आहे.

सुरुवात फेसबुकवरच्या जाहिरातीनं झाली. टीव्हीवर नेहमी दिसणाऱ्या एका बाजारतज्ज्ञाचा चेहरा आणि आवाज, ‘मोफत मार्गदर्शन’. तो व्हिडिओ यंत्रानं बनवलेला होता हे नंतर कळलं. बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. सव्वाशे लोक, रोज रात्री आठला ‘वर्ग’. वर्ग घेणाऱ्याला सगळे गुरुजी म्हणत आणि हजेरी घ्यायला एक सहायक मॅडम. खरं सांगतो, निवृत्तीनंतर रोज ठरल्या वेळी कुणीतरी आपली हजेरी घेतंय, याचंच मला बरं वाटायला लागलं होतं.

बाजार तेव्हा पडत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांवर गेलेला सेन्सेक्स फेब्रुवारीच्या अखेरीला ७३ हजारांपर्यंत आला. गुरुजींनी पहिल्या दोन आठवड्यांत काहीही घ्यायला सांगितलं नाही. माझ्याकडचे शेअर विचारले आणि म्हणाले, हे दोन विका. विकले. ते आणखी पडले. मी थक्क. पडत्या बाजारात ‘विका’ म्हणणारा ज्योतिषी चुकणार कसा, हे डोक्यात आलंच नाही. शिवाय त्या विक्रीचे चार लाख आता माझ्या बचत खात्यात मोकळे पडून होते. ही त्यांची सगळ्यात सफाईदार खेळी, असं आज वाटतं. लोक सांगतात की ठग पैसे काढायला लावतात. माझ्या बाबतीत त्यांनी आधी पैसे तयार करून ठेवले.

मग आलं ‘इन्स्टिट्यूशनल खातं’. परदेशी गुंतवणूक संस्थेच्या खात्यातून तुम्हाला ब्लॉक डीलमध्ये, म्हणजे मोठ्या गठ्ठ्याच्या एकाच सौद्यात, शेअर मिळतील, तेही बाजारभावापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी स्वस्त. तेव्हाच्या नियमानं खरी ब्लॉक डील किमान १० कोटींची असायची, भाव १ टक्क्याच्या आतबाहेर, आणि तिच्यासाठी दिवसात वेळही ठरलेली. दहा टक्के स्वस्त कुणी कुणाला देत नाही. बरं, इथं राहणाऱ्या भारतीयाला परदेशी संस्थांच्या मार्गानं असे व्यवहार करता येत नाहीत, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं फेब्रुवारी २०२४ मध्येच पत्रक काढून सांगितलं होतं. म्हणजे माझ्या एक वर्ष आधी. मी ते वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी थांबलो असतो का, सांगवत नाही.

ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरून घ्यायचं होतं. दिसायला मात्र माझ्या नेहमीच्या ब्रोकरच्या ॲपपेक्षा देखणं. पहिले ५० हजार भरले. चार दिवसांनी पडद्यावर ५८ हजार. १५ हजार काढून पाहिले तर तासाभरात खात्यात जमा! पासबुकात पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा बाईचं नाव होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

त्यानंतर दीड लाख, मग दोन लाख. दर वेळी वेगळं चालू खातं. एकदा कुठलंसं ट्रेडर्स, एकदा गारमेंट्स. दोन लाखांच्या वेळी मोबाइलवर मर्यादा आडवी आली म्हणून मी शाखेत जाऊन एनईएफटीची स्लिप भरली. काउंटरवर पंचविशीची मुलगी होती. तिनं स्लिप घेतली, स्क्रीनकडे पाहिलं, परत स्लिपकडे पाहिलं. नाव होतं कुठल्याशा फुटवेअरचं.

“काका, हे कोण?”

“ओळखीचे आहेत.”

“नाही, म्हणजे... चपलांचं दुकान दिसतंय. दोन लाख कशासाठी पाठवताय?”

आणि मी तिला काय म्हणालो? म्हणालो, “बाळ, तू जन्माला यायच्या आधीपासून मी या काउंटरच्या तिकडच्या बाजूला बसत होतो.” मागच्या रांगेतले दोघं हसले. तिचा चेहरा उतरला. तिनं शिक्का मारला.

सगळ्या नऊ आठवड्यांत मला योग्य प्रश्न विचारणारी ती पहिली. मी तिचं तोंड बंद केलं याचा मला त्या दिवशी अभिमानही वाटला होता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्याच जानेवारीत दादरला टोरेसच्या शोरूमपुढे गर्दी उसळली होती. खडे विकत घ्या, दर आठवड्याला व्याज घ्या, असला तो प्रकार. टीव्हीवर रडणारी माणसं बघून मी चहा पिता पिता म्हणालो होतो, “आठवड्याला व्याज कोण देतं रे? एवढीही अक्कल नाही?” हिनं तेव्हा काही म्हटलं नाही. पुढेही काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

एप्रिलच्या सुरुवातीला एसएमई आयपीओ, म्हणजे एका लहान कंपनीची पहिली शेअरविक्री, आला. मी ॲपवर लाखभराचा अर्ज केला. दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेसेज: अभिनंदन सर, तुम्हाला ७ लाख ४० हजारांचे शेअर लागले, आता रक्कम भरा, नाहीतर खातं गोठेल आणि आधीचाही पैसा अडकेल. ग्रुपमध्ये टाळ्यांचा पाऊस. पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, नशीबवान आहात, मला शंभरच लागले. खऱ्या आयपीओत अर्ज करतानाच रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवतात आणि वाटप झालं तेवढेच पैसे कापतात. आधी शेअर लागले, आता पैसे आणा, असं होऊच शकत नाही. शाखेत असताना हे मी शेकडो लोकांना समजावलंय. पण मला ‘लागले’ होते ना! हिची तीन लाखांची एफडी मोडली, बाकी माझं पीपीएफ संपून आलेल्या रकमेतून घातले.

लिस्टिंगच्या, म्हणजे ते शेअर बाजारात यायच्या दिवशी पडद्यावर ३८ लाख १७ हजार २५० रुपये होते. मी हिला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, “अहो, मग काढा ना थोडे. गच्चीची गळती तरी करून घेऊ.”

काढायला गेलो तर उत्तर आलं: नफ्यावर २० टक्के कर आधी भरा, ५ लाख ३८ हजार ४५०. आता हसू येतं, पण मी कॅल्क्युलेटर घेऊन तो हिशेब ताडून पाहिला. भरलेले वजा, काढलेले १५ हजार मिळवून, रुपयापर्यंत बरोबर. दरही बरोबर, कारण अल्पकालीन नफ्यावरचा कर जुलै २०२४ पासून १५ चा २० टक्के झालाय. चोरांचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला. फक्त हा कर आपण आयकर खात्याला भरतो, इथला माणूस असेल तर ब्रोकर तो आधी वसूल करत नाही. दर मात्र इतका तंतोतंत होता की मी भरायलाही तयार झालो असतो. पैसे संपले होते, एवढंच.

उसने मागायला मी जुन्या साहेबांना फोन लावला. पेन्सिलवाले साहेब, आता ब्याऐंशीचे, ऐकू कमी येतं. सगळं ओरडून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अरे, कागद कुठाय?”

मी म्हणालो, “साहेब, आता कागद नसतो, डीमॅट असतं.”

“तेच विचारतोय. डिपॉझिटरीत दिसतंय का?”

फोन चालू ठेवूनच मी सीडीएसएलचं, म्हणजे कुणाच्या नावावर कुठले शेअर आहेत याची नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरीचं, स्टेटमेंट उघडलं. विकलेले दोन शेअर वजा झालेले, बाकी जुनी होल्डिंग जशीच्या तशी. त्या ॲपवरचा एकही शेअर नाही. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा झाला, कागदाच्या जागी नोंद आली, आणि आता आपल्या नावावर मागे माल आहे की नाही, हे ज्याचं त्याला घरबसल्या बघता येतं. दोन मिनिटांचं काम. नऊ आठवड्यांत मी ते एकदाही केलं नव्हतं. माझ्या मोबाइलवरचे ३८ लाख ही बीआर होती, मागे काही नसलेली, आणि ती मी माझ्या बायकोला दाखवून आलो होतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो शेवटच्या रकमेनंतर बाराव्या दिवशी. पहिल्या तासा-दोन तासांत केला असता तर बरंच काही अडवता आलं असतं, असं सायबर ठाण्यातला हवालदार म्हणाला. त्यानं कोऱ्या कागदावर झाड काढून दाखवलं: वर माझं खातं, खाली चार, त्याखाली एकोणीस, मग फांद्या कागदाबाहेर. खाती भाड्यानं दिलेल्या पोरांची, मजुरांची. एका खात्यात ६२ हजार ४०० गोठलेले सापडले. तेवढे पुढे न्यायालयाच्या आदेशानं परत मिळाले. बाकीचे गेले.

ग्रुपमधल्या त्या पुण्याच्या प्राध्यापकांना मी सावध करायला खासगी मेसेज टाकला होता. वाटलं, तेही बुडतायत बिचारे. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, शब्दाला शब्द मॅडमचंच. सव्वाशेतले बहुतेक सगळे ज्युनियर आर्टिस्ट असणार. प्रेक्षक मी, आणि माझ्यासारखे दोन-चार.

त्यानंतर मी ‘द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट’ परत पाहिला. २०१३ चा तो चित्रपट मी पूर्वी तीनदा पाहिलाय, दर वेळी मजा घेत. नायक फोनवरून कवडीमोलाचे शेअर विकतो, आजूबाजूचे तोंडावर हात धरून हसतात. या वेळी लक्षात आलं की घेणारा माणूस दिसतच नाही. स्पीकरवर नुसता आवाज. विकत घेतो, आभारही मानतो. त्याच्या घरी कॅमेरा जात नाही. याच चित्रपटात मलेशियाच्या सरकारी निधीतून पळवलेला पैसा लागल्याचं अमेरिकेच्या न्याय खात्याचं म्हणणं होतं आणि २०१८ मध्ये रेड ग्रॅनाइट या निर्मिती कंपनीनं ६ कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. पूर्वी हा किस्सा मी पार्टीत रंगवून सांगायचो. चित्रपटाला नावं ठेवत नाही. पण ठगाच्या खुर्चीत बसून इतके चित्रपट पाहिले की आपण फोनच्या कुठल्या टोकाला आहोत, हेच विसरलो होतो.

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर निदान एवढं करा: डीमॅटचं स्टेटमेंट ॲपवरून नको, थेट सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीकडून काढून बघा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांना ‘व्हॅलिड’ शब्द असलेले यूपीआय आयडी आहेत आणि ‘सेबी चेक’वर खातं खरं की खोटं ते कळतं. माझ्या वेळी हे नव्हतं, पण चपलांच्या दुकानाचं नाव माझ्याही वेळी वाचता येत होतं. त्या काउंटरवरच्या मुलीला भेटायला दोनदा गेलो. बदली झालीय म्हणाले.

मागच्या महिन्यात एक फोन आला. मराठी बोलणारा, सभ्य आवाज. “सर, सायबर रिकव्हरी सेलमधून बोलतोय. तुमचे पैसे ट्रेस झालेत. पाच टक्के प्रोसेसिंग भरलं की आठवड्यात खात्यात.” मी विचारलं, किती पैसे?

“अकरा लाख चाळीस ना सर? त्यातले पंधरा हजार तुम्ही काढले होते.”

पंधरा हजारांचं मी माझ्या लेकीलासुद्धा सांगितलेलं नाही.