प्रतिस्पर्धी की विरोधक?

लालबागच्या एका मंडळाचा कार्यकर्ता कबड्डी स्पर्धेची बातमी लिहिताना अडला होता. समोरच्या संघाला ‘प्रतिस्पर्धी’ म्हणायचं की ‘विरोधक’? कोशात दोन्ही शब्दांचे अर्थ शेजार-शेजारचे वाटतात, वापरात मात्र बरंच अंतर आहे.

आधी अर्थ. प्रतिस्पर्ध्याला तेच हवं असतं जे आपल्याला हवं असतं. विरोधकाला ते नको असतं किंवा आपण ते करू नये असं वाटतं. सोसायटीच्या पुनर्विकासाचंच बघा. निविदा भरणारे दोन बिल्डर एकमेकांचे प्रतिस्पर्धी. ‘इमारत पाडूच नका’ म्हणणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका विरोधक. त्यांना प्रतिस्पर्धी म्हटलं तर तेही बिल्डर व्हायचे! निवडणुकीतले दोन उमेदवार प्रतिस्पर्धी असतात, पण विधानसभेत सरकारसमोर बसतात ते विरोधक. म्हणूनच पद ‘विरोधी पक्षनेता’ असं आहे.

लिहायला ‘विरोधक’ सोपा: विरोधकाला, विरोधकांनी. ‘प्रतिस्पर्धी’ला प्रत्यय लागला की शेवटचं जोडाक्षर आणखी अवघड होतं: प्रतिस्पर्ध्याला, प्रतिस्पर्ध्यांनी. ‘प्रतिस्पर्धीला’ सर्रास दिसतं, पण ते प्रमाण रूप नव्हे. शिवाय ‘प्रतिस्पर्धी’ बॅनरवर जागाही जास्त खातो.

सूर? ‘विरोधक’मध्ये थोडी कटुता आहे. सामन्यानंतर ज्यांच्याबरोबर वडापाव खायचा, त्यांना तो शब्द जड होतो.

तेव्हा खेळ, परीक्षा, धंदा यांत ‘प्रतिस्पर्धी’. राजकारण, ठराव, आंदोलन यांत ‘विरोधक’. कबड्डीच्या बातमीत जोडाक्षर नकोच असेल, तर सरळ ‘समोरचा संघ’ लिहावं.