फेंटॅनिल पॅच, मॉर्फिनची गोळी की इंजेक्शन? काही महिन्यांच्या घरगुती वापरानंतर

कॅन्सरचे उपचार मिरजेत आणि पुढची शुश्रूषा जत-आटपाडीकडे घरी, अशा पेशंटांसाठी वेदना कमी करायचे हे तिन्ही प्रकार वापरून झाले. पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, चांगला आहे, पण लोक ज्यासाठी मागतात त्यासाठी नाही. आत्ता उठलेली कळ तो थांबवत नाही.

पहिल्या पॅचचा पूर्ण गुण यायला 12 ते 24 तास लागतात. तोवर आधीच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चालू. हे घरच्यांना सांगितलं नाही की ‘पट्टी लागू पडेना’ म्हणत रात्रीच दुसरी चिकटवली जाते. धोका इथेच. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध पुढे कित्येक तास रक्तात उतरत राहतं. म्हणून पेशंट ग्लानीत गेला, श्वास संथ झाला, तर पॅच काढून तडक दवाखाना. मॉर्फिनसारखं अफूवर्गातलं औषध आधी सुरू नसेल त्याला तर पॅच लावायचाच नाही.

दंड, छाती किंवा पाठ नुसत्या पाण्यानं पुसून कोरडी करावी; साबण, तेल, स्पिरिट नको. केस कात्रीनं कापावेत, वस्तरा फिरवू नये. तळहातानं 30 सेकंद दाबून धरावा. 72 तासांनी जुना आधी काढून नवा दुसऱ्या जागी. पाठीवरचा जुना हमखास विसरतो, म्हणून तारीख आणि जागा कॅलेंडरवर लिहावी.

मे महिन्यात पत्र्याच्या घरात घामानं कडा सुटतात. चारी बाजूंनी मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावला की टिकतो. शेक मात्र अजिबात नको. उष्णतेनं औषध भराभर आत शिरतं, तापातही तेच होतं.

गिळता येत असेल तर आमची पसंती गोळीलाच. साधी मॉर्फिन अर्ध्या तासात काम करते, दर 4 तासांनी देता येते, डोस कमी-जास्त करणंही सोपं. मधेच कळ आली तर साधारणपणे दिवसाच्या डोसचा सहावा हिस्सा जादा देतात. 12 तासांची, हळूहळू औषध सोडणारी गोळी चुरडून पोटात अन्न देण्याच्या नळीतून देऊ नये, सगळं औषध एकदम सुटतं. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. गोळी बंद पडते ती बहुतेकदा बद्धकोष्ठानं.

सुईवर गावाकडे फार विश्वास! पण उलट्या थांबत नसतील तरच तिचा खरा उपयोग. तेव्हा कातडीखाली बटरफ्लाय (पंखांची बारीक) सुई ठेवून मॉर्फिन देतात, डोस तोंडावाटेच्या निम्म्याहून जास्त नाही, कारण गोळीतलं बरंच औषध यकृतातच खर्ची पडतं.

वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घडी घालून तो लहान मुलांपासून दूर ठेवावा. मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही, तेव्हा आठवडाभराचा साठा उरला की मिरजेची फेरी ठरवावी.